हसण्याचं औषध किती खरं? आणि त्यासाठी जुने सिनेमे का?

आधीच सांगून टाकतो. हसण्याने बीपी, शुगर, संधिवात बरा होत नाही. तसं सांगणारे मेसेज रोज फिरतात, त्यांवर विश्वास ठेवून चालू असलेली गोळी कोणी बंद करू नये. तरीही अनेक पेशंटना, विशेषतः साठीच्या पुढच्यांना, माझा सल्ला असतो की आठवड्यातून एक संध्याकाळ जुना विनोदी किंवा गाण्यांचा सिनेमा बघा, आणि घरातल्या सगळ्यांसोबत बघा.

हसण्याच्या उपचाराची गोष्ट सुरू होते नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकापासून. १९६४ साली त्यांना मणक्याचा आणि सांध्यांचा वेदनादायक आजार झाला. त्यांनी मार्क्स बंधूंचे जुने विनोदी सिनेमे मागवून बघायला सुरुवात केली. दहा मिनिटं पोट धरून हसलो की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव होता. १९७६ मध्ये तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. पण हा एकाच माणसाचा अनुभव. शिवाय ते त्याच काळात व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही घेत होते. त्यामुळे गुण नेमका कशाचा, हे ठरवता येत नाही.

पुढे थोडा बरा पुरावा मिळाला. २००५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात मायकेल मिलर यांनी २० निरोगी लोकांना विनोदी आणि ताण देणाऱ्या सिनेमांचे तुकडे दाखवले. हसल्यानंतर रक्तवाहिन्यांमधला प्रवाह सरासरी २२ टक्के वाढला, ताणाच्या दृश्यानंतर सुमारे ३५ टक्के कमी झाला. अभ्यास लहान आहे आणि हा परिणाम त्या वेळेपुरता आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांचं काम. मनापासून हसल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते असं त्यांना दिसलं. आणि माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्यापेक्षा चौघांत बराच जास्त हसतो.

रील्सबद्दल माझी तक्रार इथेच आहे. पंधरा सेकंदांचं हसू एकट्याने, मान वाकवून, रात्री अकराला. शेजारी बसलेल्या आजीला काय चाललंय ते कळतही नाही. आपल्या जऊळक्यासारख्या गावात मुलं पुण्या-मुंबईला, म्हातारा-म्हातारी घरात, आणि टीव्हीवर दिवसभर सासू-सुनांची भांडणं किंवा ओरडणाऱ्या बातम्या. याच लोकांना जत्रेतला तंबूतला सिनेमा अजून आठवतो, कारण तिथे सगळा गाव एकदम हसायचा.

मग बघायचं काय? मी १९५२ सालापासून सुरुवात करायला सांगतो. त्या एका वर्षात राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ आले, आणि तिकडे हॉलिवूडमध्ये ‘सिंगिंग इन द रेन’. ‘लाखाची गोष्ट’मध्ये महिन्याभरात लाख रुपये उडवून दाखवायची अट आहे. कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या माणसाला यात वेगळीच मजा येते. ‘सिंगिंग इन द रेन’मधला पावसातला नाच जीन केलीने १०३ ताप अंगात असताना केला. कलेसाठी ठीक, माझ्या पेशंटने असं करू नये. १९५३ चा ‘गुळाचा गणपती’ सांगायला लागू नये, पण नव्या पिढीने पाहिलेला नसतो. लेखन, दिग्दर्शन, संगीत, भूमिका सगळं पु. ल. देशपांडे यांचं, आणि त्यात भीमसेन जोशींचं गाणं. घरात कॉलेजची मुलं असतील तर १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ लावा. त्यातल्या घरमालकाचं इस्रायलहून आलेलं डायबिटीसचं औषध आमच्या मेडिकलवर अजून आलेलं नाही, तोवर गोळ्या चालू ठेवा.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी मात्र माझी पहिली शिफारस चार्ली चॅप्लिनची. ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मध्ये बोललेला संवादच नाही. कान गेलेले आजोबा आणि चौथीतला नातू एकाच क्षणी हसतात, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आजीआजोबांना ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मधली आंधळी मुलगी आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन-अडीच तास बसवत नसेल तर लॉरेल-हार्डीचा ‘म्युझिक बॉक्स’ (१९३२) अर्ध्या तासात संपतो. उंच पायऱ्यांवरून पियानो चढवायचा, एवढीच गोष्ट.

गाण्यांचे सिनेमे मी वेगळ्या कारणाने सांगतो. विस्मरणाच्या आजारात नातवाचं नाव विसरतं, पण तरुणपणी ऐकलेलं गाणं बऱ्याचदा शाबूत राहतं. लकव्यानंतर बोलता न येणारे काही पेशंट ओळखीच्या चालीवर शब्द म्हणू शकतात. यावरच आधारलेली वाचाउपचाराची एक पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. ‘अमर भूपाळी’ (१९५१) लावून बघा. आजोबांचे ओठ हलतात का, तिकडे लक्ष ठेवा.

थोडी काळजीही हवी. हर्नियाचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर टाके भरेपर्यंत थांबा, किंवा हसताना पोटावर उशी धरा. दम्याच्या काही लोकांना जोरात हसल्याने धाप लागते, पंप जवळ ठेवा. लकवा झालेल्या माणसाला सिनेमा बघताना भरवू नका, ठसका लागतो. आणि बायांनो, हसताना लघवी निसटत असेल तर लाजून हसणं बंद करू नका. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, येऊन सांगा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. घरातला माणूस पूर्वी ज्याला पोट धरून हसायचा तोच सिनेमा लागला, सगळे हसले, आणि तो भिंतीकडे बघत राहिला. एखाद्या दिवशी असं होतं, माणूस थकलेला असतो. पण दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, ‘मले काही करूच वाटत नाही’ असं तो म्हणतो, तर ते आळस नाही की म्हातारपणही नाही. ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. आपल्याकडे असा माणूस अंगदुखी, अशक्तपणा, छातीत धडधड सांगत येतो आणि सलाईन लावून घरी जातो. सोयाबीनचा भाव पडला, कर्ज थकलं, की लोक म्हणतात त्याला टेन्शन आहे, आणि विषय तिथेच संपतो. त्याला आणखी सिनेमे दाखवू नका. ‘हस ना जरा’ असंही म्हणू नका. शेजारी बसा, जगणं नकोसं वाटतं का हे सरळ विचारा. असं विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर लावा. तो मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.