अनोळखी नंबर उचलायचा की नाही? जाहिरातींच्या गर्दीत शेतकऱ्याच्या कामाचा फोन हरवतोय

दिवसातून कितीतरी वेळा फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "सर, तुमचं पर्सनल लोन मंजूर झालंय." कधी क्रेडिट कार्ड, कधी प्लॉट, कधी शेअर बाजाराचा क्लास. शहरातल्या माणसाला यावर एक सोपा सल्ला दिला जातो, अनोळखी नंबर उचलूच नका.

गावात हा सल्ला चालत नाही. हार्वेस्टरवाला, टोळीचा मुकादम, अडत्याकडचा मुनीम, टँकरचा ड्रायव्हर, जनावरांचा डॉक्टर या सगळ्यांचे नंबर सेव्ह असतातच असं नाही. ऐन काढणीत एक फोन चुकला तर हार्वेस्टर दुसऱ्याच्या शिवारात निघून जातं. त्याच रात्री पाऊस आला तर वर्षभराची मेहनत भिजते. म्हणून जाहिरातीचा फोन हा शेतकऱ्यासाठी नुसता वैताग नाही, तो नुकसानीचा मामला आहे.

मेसेजचंही तेच. रोजच्या जाहिरातींना कंटाळून बरेच जण मेसेज उघडणंच सोडून देतात. मग ई-पीक पाहणीची मुदत, पीएम किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करा असा निरोप किंवा हवामानाचा इशारा त्याच ढिगात न वाचता पडून राहतो.

फोन कुणाचा, हे आधीच ओळखता येतं

दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने 2018 साली जाहिरातीच्या कॉल आणि मेसेजसाठी नियमावली केली. फेब्रुवारी 2025 मध्ये ती आणखी कडक झाली. जाहिरातीचा कॉल 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचा, असा नियम आहे. बँकेच्या कामकाजाच्या कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर दिलेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी कर्ज किंवा प्लॉट विकत असेल, तर तो नियम मोडतोय असं समजायला हरकत नाही.

मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेची माहिती, 'टी' म्हणजे ओटीपीसारखा व्यवहाराचा मेसेज आणि 'जी' म्हणजे सरकारी. हे एक अक्षर बघायची सवय लागली तरी निम्मा गाळ न उघडता बाजूला करता येतो.

डीएनडी लावलं तर ओटीपी बंद होतो का?

या भीतीने बरेच जण डीएनडी लावत नाहीत. पण ती भीती खोटी आहे. डीएनडीने फक्त जाहिराती अडतात. ओटीपी, बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज, सरकारी सूचना हे सगळं सुरूच राहतं. मोबाइलवरून START 0 असा मेसेज पाठवता येतो, पण ज्यांना मेसेजची भानगड नको त्यांनी सरळ 1909 ला फोन करावा किंवा ट्रायचं डीएनडी अ‍ॅप वापरावं. याला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. दुकानात फॉर्म भरताना किंवा अ‍ॅप घेताना 'जाहिराती पाठवायला संमती' या चौकटीवर टिक केली असेल, तर त्या कंपनीचे मेसेज डीएनडी लावूनही येऊ शकतात. कूपनच्या नादात कुठेही मोबाइल नंबर लिहून देणं इथे महागात पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा पहारा नाही

ट्रायचे हे नियम साध्या कॉलला आणि एसएमएसला आहेत. व्हॉट्सअ‍ॅपला डीएनडी लागत नाही. म्हणून तिथली दारं ज्याची त्यालाच लावावी लागतात. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ग्रुपच्या पर्यायात 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलं, की अनोळखी माणूस कुठल्याही ग्रुपमध्ये परस्पर ओढू शकत नाही. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद केलं, की डेटाही वाचतो आणि नको ते फोनमध्ये साठत नाही.

खरा धोका पुढे आहे. पीएम किसान किंवा आरटीओ चलनाच्या नावाने 'एपीके' फाइल येते. ती इन्स्टॉल केली, की फोनमधले मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. सरकार हप्ता द्यायला व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवत नाही. अ‍ॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच घ्यावं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला फोन करावा.

गुगलवर सातबारा शोधतानाही घाई नको. वरच्या निकालावर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, ते बघूनच पुढे जावं.

गावचा ग्रुपही यातून सुटलेला नाही. पाणी कधी येणार, थ्री फेज लाइट किती वाजता, हा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली आणि कर्जाच्या लिंकखाली गाडला जातो. कामाच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप करून 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवतील' ही सोय सुरू केली, तर गप्पांचा ग्रुपही राहतो आणि कामाचं कामही होतं.

ओझं कुणाच्या डोक्यावर?

मुळात प्रश्न असा, की हे सगळं शेतकऱ्यानेच का करायचं? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर जाबदारी जाहिरात करणाऱ्यावर टाकता येते. बाकीच्या जाहिरातींत मात्र 'नको' म्हणायचं काम अजूनही फोन घेणाऱ्याकडेच आहे.

तरी 2025 च्या बदलाने तक्रारीला वजन आलंय. आधी तक्रार तीन दिवसांत करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. डीएनडी लावलेलं नसलं तरी नोंदणी नसलेल्या नंबरची तक्रार करता येते. दहा दिवसांत पाच जणांनी एकाच नंबरची तक्रार केली, की कंपनीला त्याच्यावर कारवाई करावी लागते. पहिल्या खेपेला 15 दिवस त्याचे जाणारे कॉल बंद होतात. पुन्हा तेच केलं तर सगळ्या कंपन्यांची कनेक्शनं वर्षभरासाठी तोडली जातात.

पाच हा आकडा गावाला जड नाही. कर्जवाल्याचा तोच नंबर एका आळीत चार-पाच घरी वाजतोच. नुसतं ब्लॉक केलं तर तो शेजाऱ्याला त्रास देत राहतो. पारावर बसल्या बसल्या पाच जणांनी 1909 वर त्याच नंबरची तक्रार केली, तर तो सगळ्या गावासाठी बंद होऊ शकतो.