नऊ दिवसांचा रस्ता

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, की जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाराचे रूपच पालटते. एरवी मोटारी आणि दुचाकी जेथे अंग चोरून उभ्या असतात, तेथे माणसे दिसू लागतात. कोणी पायऱ्यांवर बसून नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटावरून वाद घालीत असतो, तर कोणा परप्रांतीय विद्यार्थ्याला पणजीचा एखादा गृहस्थ रस-ऑम्लेटच्या गाड्याची वाट दाखवीत असतो. २००४ सालापासून हे चालले आहे. २०२५ साली तर महोत्सवाचे उद्घाटनच रस्त्यावर, मिरवणुकीने झाले. नऊ दिवस सरले की कमानी उतरतात, अडथळे उचलले जातात आणि मोटारी परत येतात. पाहुण्यांसाठी जे नऊ दिवस शक्य होते, ते येथील रहिवाशांसाठी उरलेल्या दिवसांत अशक्य का व्हावे, असा आमचा साधा प्रश्न आहे.

हे आवार मुळात विद्यार्थ्यांचे. १८४२ साली स्थापन झालेल्या एस्कोला मेदिकाचा वारसा त्याला आहे. महाविद्यालय बांबोळीला गेले आणि व्हरांड्यांतील वर्दळ त्याबरोबर गेली. इमारत राखली गेली, जाग राखली गेली नाही. येथून चालत दहा-बारा मिनिटांवर कांपालला कला अकादमी आहे. चार्ल्स कोरिया यांनी ती वास्तू अशी योजिली, की रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला सावलीतून थेट मांडवीच्या काठी जाता यावे. या दोन वास्तूंच्या मधला भाग पायी चालणाऱ्याचा झाला, तर राजधानीला बसावयास, बोलावयास, गाणे ऐकावयास एक अंगण मिळेल. बांदोडकर मार्ग बारमाही बंद करा, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. मिरामार आणि दोनापावलाची सारी वाहतूक त्याच्यावर आहे, शिवाय कॅसिनोंकडे जाणाऱ्यांची भर. आवारातील अंतर्गत वाट मात्र कायमची मोटारमुक्त व्हावी, आणि तेथून अकादमीपर्यंतचा पदपथ रुंद व अखंड व्हावा. यासाठी कोणाला घर सोडावे लागणार नाही.

आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. मोटार दारात आली नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही, हा त्यांतला पहिला. कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनीही हेच म्हटले होते. १९६२ च्या नोव्हेंबरात तेथील स्ट्रोयट हा भर बाजारातला रस्ता वाहनांना प्रायोगिक स्वरूपात बंद झाला, तेव्हा रस्त्यात रेंगाळणे हा इटालियन लोकांचा स्वभाव, थंड देशातील आम्हा डेन लोकांचा नव्हे, अशी टीका झाली होती. दोन वर्षांत तो प्रयोग कायम करण्यात आला. आपल्याकडे थंडीऐवजी पावसाचे कारण पुढे केले जाईल. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे खरेच. पण म्हणूनच आपल्या पूर्वजांनी व्हरांडे आणि ओसऱ्या बांधल्या ना?

दिल्लीचा अनुभव मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ साली सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद झाला, दगडी फरशी आली, बाके आली. आणि पुढे देखरेख सैल पडताच दुचाक्या आत घुसल्या. फरशी बसविण्याचे कंत्राट देणे सोपे असते, रोज संध्याकाळी एक शिपाई उभा करणे कठीण. स्मार्ट सिटीच्या नावाने खणलेले रस्ते वर्षानुवर्षे तुडविलेल्या पणजीकरांना हे आम्ही सांगावे असे नाही.

माणसांनी एकत्र जमण्याची जागा ही कल्पना गोमंतकाला कोणी बाहेरून शिकवावयास नको. गावोगावचा मांड ही दुसरी काय वस्तू आहे? तेथे शिगमो खेळला जातो, आणि त्या जागेचा मान असा, की पादत्राणे घालून तेथे जाण्याची रीत नाही. आणि ज्या दिवशी मडगावच्या मैदानात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली, त्या १८ जून १९४६ चे नाव आपण राजधानीतल्या एका रस्त्याला दिले. चार माणसांनी उघड्यावर एकत्र यावे, बोलावे, एवढ्यासाठीच तो दिवस होता. आज त्या रस्त्यावर दोन स्नेही भेटले, तर त्यांना उभे राहावयास दोन मोटारींमधली फट शोधावी लागते!

कायद्याची अडचण नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात. गाडेवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे; त्यांना हुसकावून आवार देखणे करण्याचा मोह शासनाने टाळावा, कारण संध्याकाळी माणूस थांबतो तो बहुधा त्यांच्यापाशीच. अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी वाहनाला आतपर्यंत मुभा असावी, मोटारसायकल पायलटांना फाटकाबाहेर हक्काचा थांबा मिळावा. अकादमीत संगीत-नाट्य शिकणाऱ्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे कला सादर करू द्यावी. व्यासपीठ, मंडप, मंत्र्यांचे भाषण यांतले काहीही नको.

येत्या महोत्सवाची सांगता झाल्यावर कंत्राटदाराने त्या फाटकावरील अडथळे टेम्पोत भरू नयेत, असा लेखी आदेश शासनाने महोत्सव सुरू होण्यापूर्वीच काढावा. तूर्त मार्चअखेरपर्यंतचा काढला तरी चालेल.