नागपुरात पाणी 99 अंशांना उकळते

येत्या 28 फेब्रुवारीला शाळाशाळांमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होईल. सर सी. व्ही. रमण यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, पाहुणे फीत कापतील आणि प्रदर्शनात थर्माकोलचे अणू, पुठ्ठ्याचे जलचक्र व खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी ओळीने मांडलेले दिसतील. केंद्र सरकारने 1986 साली हा दिवस ठरवला आणि 1987 पासून तो पाळला जातो. एवढ्या वर्षांत त्याचा एक ठरीव कार्यक्रम होऊन बसला आहे. कार्यक्रमाबद्दल तक्रार नाही. त्या दिवशी नेमके काय घडले होते, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

रमण हे नागपूरला अगदीच परके नाहीत. वित्त खात्यातील अधिकारी म्हणून 1910 च्या सुमारास त्यांची येथे बदली झाली होती. गांधीसागर तलावाजवळचे त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र 1992 पासून मुलांना खुले आहे. पण 1928 साली कोलकात्यात त्यांनी आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी जे केले, ते सहावी-सातवीच्या विज्ञानाशी किती जवळचे आहे, हे कोणी मुलांना सांगावे. सूर्याचा प्रकाश, तो एकवटण्यासाठी दुर्बिणीचे भिंग, रंगीत काचा, द्रवाने भरलेले पात्र आणि पाहायला स्वतःचा डोळा, एवढ्यावर सुरुवात झाली. त्यांनी साठेक वेगवेगळे द्रव तपासले. द्रवात धुळीचा कण राहिला तर सारे फसणार, म्हणून ते निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केले. प्रकाश द्रवातून विखुरताना त्याचा काही भाग रंग बदलतो आणि तो बदल त्या द्रवाच्या रेणूंवर अवलंबून असतो, हे त्यातून हाती आले. विज्ञान दिन याच शोधाच्या आठवणीचा. रमण यांना 1930 चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले. ज्या ऊर्ध्वपातनावर हे सारे उभे राहिले, त्याची आमच्या शाळांमध्ये बहुधा फक्त आकृती निघते, पट्टीने आणि नावे देऊन.

बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात सभोवतालच्या पदार्थांच्या अवस्था व गुणधर्मांचा धडा आहे, सातवीत मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे आहेत, आठवीत द्रव्याचे संघटन आहे. पुस्तके वाईट नाहीत. ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी जागोजागी आहेत आणि त्या लिहिणाऱ्यांना मुलांनी खरोखर काही करून पाहावे असे वाटत होते, हे उघड आहे. अडचण वहीत सुरू होते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असा साचा असतो. त्यातला निष्कर्ष गाईडमधून आधी उतरवला जातो आणि निरीक्षण त्याला जुळेल असे मागाहून भरले जाते.

पाणी उकळण्याचा प्रयोग घ्या. शंभर अंश हा उत्कलनांक समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला धरून सांगितलेला आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि पाण्याला वाफ होऊन निसटायला कमी तापमान पुरते. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब धरला तर नागपुरात शुद्ध पाणी 99 च्या आसपास उकळते. डोंगरावरच्या चिखलदऱ्याला ते 96 च्या आसपासच उकळेल. त्यात शाळेचा थर्मामीटर साधा असतो, त्याची स्वतःची अर्ध्या-एक अंशाची चूक असतेच. म्हणजे धरमपेठेतल्या किंवा नंदनवनातल्या एखाद्या मुलीने नीट पाहिले तर तिला 98 किंवा 99 दिसणार. मग ती वहीत काय लिहिते? शंभर. तिने 98 लिहिले तर लाल शाईने ते खोडून शंभर करणारेही आहेत.

या एका खाडाखोडीत फार मोठे नुकसान आहे. जे दिसले ते लिहायचे नाही, जे छापलेले आहे ते लिहायचे, ही सवय बाराव्या वर्षी लागते आणि ती विज्ञानाच्या तासाला लागते. पुढे याच मुलांपैकी कोणी औषधांच्या कारखान्यात नमुने तपासेल, कोणी नदीच्या पाण्याचा अहवाल लिहील. आकडा जुळवायचा असतो, हे त्यांना आपणच शिकवलेले असेल.

उलट त्या मुलीचा 98 तसाच राहू दिला, तर तास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. थर्मामीटर चुकीचा की पुस्तक चुकीचे? दुसरा थर्मामीटर लावून पाहू. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का पाहू. बर्फात तर आणखी गंमत आहे. ढवळत राहिले तर बर्फ पुरता वितळेपर्यंत पारा जागचा हलत नाही. खाली शेगडी पेटलेली आहे, उष्णता जाते आहे आणि तापमान वाढत नाही. मुले म्हणतात, थर्मामीटर बिघडला. हे वाक्य वर्गात उच्चारले जाणे ही शिक्षकासाठी आनंदाची गोष्ट असायला हवी. अवस्था बदलताना उष्णता कुठे जाते, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला आहे.

पुस्तकेही चुकतात, हेही मुलांना कळायला हरकत नाही. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर ग्लास पालथा घालायचा, मेणबत्ती विझते, पाणी आत चढते आणि ‘हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळाला’ असा निष्कर्ष लिहायचा. जगभरच्या कित्येक पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवले. प्रत्यक्षात ज्योत सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी विझते. पाणी प्रामुख्याने चढते ते आतली तापलेली हवा निवते म्हणून. लक्ष देऊन पाहणाऱ्या मुलाला दिसते की पाण्याची खरी चढाई ज्योत विझल्यानंतर होते. दोन-तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर येते. ऑक्सिजनचा हिशेब खरा असता तर मेणबत्त्यांच्या संख्येने काय फरक पडला असता? सातवीतला मुलगा पुस्तक खोडून काढू शकतो आणि त्यासाठी ग्लास, ताटली आणि मेणबत्त्या पुरतात.

प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही ही तक्रार काही शाळांपुरती खरी आहे. पण द्रव्य शिकायला या शहरात साहित्याची वानवा आहे, असे म्हणणे अवघड आहे. संत्र्याचे साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळा. त्या सालीतले तेल थर्माकोलला विरघळवते आणि पाणी त्याला ढिम्म हलवत नाही. द्रावक म्हणजे काय, हे हिवाळ्यात फुकट शिकता येते. मार्चअखेरीला थर्मामीटरच्या फुग्यावर ओला कपडा गुंडाळा, कोरड्या हवेत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज दिसेल. ऑगस्टमध्ये तोच प्रयोग करा, फरक जेमतेम उरेल. घरचा कूलर एप्रिलमध्ये गारवा का देतो आणि पावसाळ्यात नुसता दमटपणा का वाढवतो, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

आणि सोड्याचा ज्वालामुखी? खरा लाव्हारस ज्यांना दाखवायचा आहे त्यांनी सीताबर्डीच्या टेकडीकडे बोट दाखवावे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरून थिजलेल्या दख्खनच्या बेसाल्टची पूर्व कड या शहराजवळ संपते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात याच परिसरातले खडक पायी हिंडून अभ्यासणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय आजही येथे आहे. रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. बेसाल्टचा आणि मँगनीजच्या खनिजाचा सारख्या आकाराचा तुकडा मुलांच्या हाती द्या. दोन्ही काळे, पण एक चांगलाच जड. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन, मोजपात्रात वर चढलेल्या पाण्यावरून आकारमान आणि मग भागाकार. घनतेची व्याख्या पाठ करण्याची गरजच पडणार नाही.

हे हवेतले बोलणे नाही. नागपूरहूनच जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा शाळांतून मुलांनी प्रयोग करूनच विज्ञान शिकावे असा कार्यक्रम सुरू झाला आणि तो तीस वर्षे चालला. 2002 मध्ये तो सरकारी आदेशाने बंद झाला, हेही नोंदवले पाहिजे. त्याच कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून रचना बनवायला सुरुवात केली आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात टाकाऊतून विज्ञानाचे दालन उभे केले. खुद्द नागपुरात सुरेश अग्रवाल आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांतील मुलांना घेऊन अपूर्व विज्ञान मेळावा भरवतात. बाटल्या, फुगे, नळ्या असे किरकोळ साहित्य असते आणि प्रयोग समजावून सांगते ते मूल, शिक्षक नव्हे. ज्यांच्या शाळांकडे शहर सहसा वळूनही पाहत नाही, त्या मुलांपुढे नामांकित शाळांची मुले प्रश्न विचारत उभी असतात. मेळाव्यात जे होते ते बुधवारच्या चौथ्या तासाला का होत नाही, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर एकट्या शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, अधूनमधून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार या धास्तीने कुलूपबंद राहिलेले कपाट. पालकही कमी नाहीत. आठवडी बाजारातून भाजी आणावी तसा स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणला जातो आणि त्यालाच बक्षीस मिळते. आकारिक मूल्यमापनात प्रयोगाला आणि उपक्रमाला गुण आहेत, पण ते सजावटीला जातात. हे बदलायला नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी एवढे ठरवले तरी पुरे: विकत आणलेल्या प्रतिकृतीला गुण नाहीत, आणि स्वतः पाहून लिहिलेला आकडा पुस्तकाशी न जुळल्यास गुण कापायचे नाहीत.

विज्ञान दिनाच्या पाहुण्यांनाही एक विनंती. भाषण थोडे आवरते घ्या आणि व्यासपीठावर शेगडी, पातेले व थर्मामीटर मागवा. पाणी उकळले की समोरच्या मुलांपैकी एकीला आकडा वाचायला सांगा, आणि जो येईल तोच फळ्यावर लिहा.