निवांत गावचे रहिवासी

मी वसईच्या पाचूबंदरात राहतो म्हटले, की मुंबईचे पाहुणे हटकून उद्गारतात, "मजा आहे बुवा तुमची! काय ही शांतता!" ही मंडळी दुपारी दोनला येतात. गावाचा दिवस तोवर बराचसा उरकलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार?

आमचा दिवस घड्याळाने नव्हे, पाण्याने उगवतो. डोलीचे जाळे प्रवाहाच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ दांडगी, अष्टमीच्या भांगाला मंद. त्यामुळे कॅलेंडरावर रविवारच्या आधी तिथी पाहायची, मग घर ख्रिस्ती का असेना!

पाहुण्यांना हवा असतो इतिहास. तो आहेच. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईतच इंग्रजांशी तह केला. त्याविषयी न बोललेलेच बरे. तट बांधणारे गेले, घेणारेही गेले. तटाबाहेर बोंबील वाळवणारे मात्र अजून आहेत, आणि किल्ला दाखवणारा त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. वासामुळे असेल.

पण गाव जगते ते त्या वासावर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगायची. हे काम बहुतेक बायकांचे. हात इतके झरझर चालतात की पाहणाऱ्याचेच डोळे दमावेत. ऊन-वारा धड मिळाला तर काही दिवसांत माल कडकडीत होतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या, की घरखर्चाला याच सुक्या मासळीचा आधार.

हल्ली पाऊस दिवाळीनंतरही येतो. रात्री एक सर आली, की सकाळी वलांडीवर माशा घोंगावतात आणि अख्ख्या आठवड्याची मेहनत कोंबडीखाद्याच्या भावाने जाते. शेजारच्या मावशींवर हा प्रसंग दोनदा आला. त्यांचा थोरला आता होडीवर जात नाही, लोकलने अंधेरीला नोकरीवर जातो. मी म्हटले, "मावशी, होडी कोण चालवणार?" त्या म्हणाल्या, "नोकरीवर पाऊस पडत नाही हो." यावर शहाण्या माणसाने काय बोलावे? धाकट्याने मात्र अजून काही ठरवलेले नाही. घरात रोज रात्री त्याच्यावरून बोलणे निघते. भिंत एकच, त्यामुळे मलाही ऐकू येते. पाहुण्यांची शांतता ती हीच.

परवा पश्चिमेला ढग दिसला, तशा मावशी दारात आल्या. "मोबाइल काय म्हणतो?" मी पाहून सांगितले, "पाऊस नाही म्हणतो." त्यांनी ऐकून घेतले, समुद्राकडे एकदा पाहिले आणि धाकट्याला हाक मारून ताडपत्री काढायला गेल्या.