पाटी मराठी झाली, पण नकाशावर दुकान कुठाय?

विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव लागावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हेच पनवेल रस्त्यावर उतरलं होतं. आधी मानवी साखळी, मग सिडकोवर धडक. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात यासाठीही आपण कमी आवाज केला नाही. २०२२ ला कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली. चांगलं झालं. नावासाठी भांडण्यात पनवेलकर कधी मागे नसतो.

मग आता जरा मोबाईल काढा, गुगल मॅप उघडा आणि जुन्या बाजारातली तुमच्या ओळखीची दहा दुकानं शोधून बघा. मी बघितली. काही सापडतच नाहीत. काहींची पिन भलत्याच गल्लीत. एकाचा फोन नंबर लँडलाईनचा, जो कापून जमाना झाला. एकाचा फोटो कुणीतरी बाईकवरून काढलेला, त्यात अर्धं शटर आणि अख्खी गाय. आणि खाली गुगल विचारतोय, हा व्यवसाय तुमचा आहे का? म्हणजे मालकाने अजून हातच लावलेला नाही!

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "आम्हाला काय गरज? तीन पिढ्यांचं दुकान आहे, अख्खं गाव ओळखतं." अहो शेठ, कुठलं गाव? १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली तेव्हाच खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा आपल्यात आले. तिथल्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसाला लाईन आळी कुठे आणि टपाल नाका कुठे हे माहीत नाही, आणि तो कुणाला विचारणारही नाही. तो फोनला विचारतो. डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, म्हणजे नवखी माणसं आणखी वाढणार. त्यांना तुमच्या आजोबांचं नाव सांगून काय उपयोग?

आता हे वरखाली ठरतं कसं, ते समजून घ्या, कारण इथेच सगळी लुबाडणूक चालते. कुठलं दुकान आधी दाखवायचं हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं असं गुगल स्वतः सांगतं. शोधणाऱ्याला जे हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालंय. अंतर तुमच्या हातात नाही, दुकान उचलून खारघरला नेता येत नाही. बाकी दोन मात्र बऱ्यापैकी हातात आहेत. पूजा साहित्य विकणाऱ्याने प्रकार म्हणून नुसतं 'दुकान' निवडलं असेल, तर गणपतीच्या आदल्या दिवशी त्याचं नाव वर कसं येणार? आणि नाव होतं ते खऱ्या गिऱ्हाईकांच्या रिव्ह्यूने, इतरत्र तुमचा उल्लेख किती होतो त्याने. पैसे देऊन या यादीत वर येता येत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवलंय. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते.

तरीही रोज दुपारी जेवणाच्या वेळी फोन येतो, "सर, गुगलमधून बोलतोय, तुमचं दुकान पहिल्या नंबरला आणतो." आणि आमचे व्यापारी, जे भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, ते हजारो रुपये मुकाट मोजतात. ओळखीतल्या एका हार्डवेअरवाल्याचं हेच झालं. एजंटने प्रोफाईल स्वतःच्या जीमेलवर उघडलं. वर्षभराने म्हणाला, पुढचे पैसे द्या, नाहीतर बंद करतो. दुकान ह्यांचं, चावी त्याच्या खिशात! शिवाय नाव काय लिहिलं, तर 'बेस्ट हार्डवेअर शॉप इन पनवेल नवी मुंबई'. पाटीवर आहे तेच नाव लिहायचं हा नियम आहे, असलं शेपूट लावलं तर प्रोफाईल निलंबित होऊ शकतं. वर चाळीस खोटे रिव्ह्यू, सगळे पाच स्टार, सगळे एकाच आठवड्यातले. ऑनलाईन रिव्ह्यू कसे असावेत याचं मानक भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच काढलंय, पण ते ऐच्छिक. एजंटाला त्याचं काय?

गुगल काही संत नाही, हेही सांगतो. शोधाच्या निकालांत पक्षपात केला म्हणून २०१८ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने त्यांना १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रोफाईलसोबत फुकट मिळणाऱ्या वेबसाईट मार्च २०२४ मध्ये त्यांनी सरळ बंद करून टाकल्या. ओटा त्यांचा आहे, उद्या भाडं मागतील. म्हणून गिऱ्हाईकांचे नंबर आपल्या वहीतही ठेवा. पण आज ओटा फुकट आहे आणि आपण त्यावर बसलेलोच नाही, याला काय म्हणायचं?

काम खरं तर एका दुपारचं आहे. स्वतःच्या जीमेलने दुकानावर मालकी सांगायची. खात्री करायला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात पाटी, आतला माल, शटर उघडताना दाखवायचं. पिन बोटाने सरकवून बरोब्बर दारात आणायची. पत्त्यात खुणेची जागा लिहायची, कारण जुनं पनवेल आणि नवीन पनवेल दोन्हीकडे ४१०२०६. अर्धे लोक वर 'नवी मुंबई' ठोकून देतात, जिल्हा रायगड आहे याचाही विसर पडलाय. दुपारी बंद ठेवता ना? मग तसं लिहा, नाहीतर कामोठ्याहून आलेला माणूस बंद शटर बघून एक स्टार देऊन जाईल. दिलाच तर भांडू नका, मराठीत सभ्यपणे उत्तर द्या. पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं.

आणि पुढाऱ्यांना, व्यापारी संघटनांना एक प्रश्न. वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसा आहे, मग प्रत्येक प्रभाग कार्यालयात महिन्यातून एक दिवस एक टेबल आणि कॉलेजची दोन पोरं बसवायला काय अडचण आहे? मराठी पाट्यांसाठी दुकानादुकानात फिरलेले कार्यकर्ते याच कामाला पुन्हा फिरले, तर मी स्वतः बातमी करीन.

तोवर ज्यांनी प्रोफाईल एजंटाच्या हातात दिलंय त्यांनी त्याला आजच विचारा, मालक म्हणून कुणाचा जीमेल टाकलाय? तुमचा नसेल तर गुगलवर ताबा मागण्याची विनंती टाकता येते, समोरच्याला उत्तराला तीन दिवस असतात. तो काय म्हणाला ते मला इनबॉक्स करा. नावं गोळा करतोय.