दस्तरखान : न मळता बटाट्याचा पाव



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मनगटात नस दबल्यामुळे तिच्या उजव्या हाताचे ऑपरेशन झाले. कणीक तिंबायला आणि कपडे पिळायला डॉक्टरांनी काही महिने मनाई केली आहे. घरात सहा माणसे. पोळ्या जाऊ लाटून देते, पण मुलांच्या डब्याला आणि रात्री शोरब्याबरोबर बेकरीचा पाव आणावा लागतो. ती लिहिते, "पैशांचे मी काही म्हणत नाही. पण माझ्या हातचे घरच्यांच्या पोटात काहीच जात नाही, याचे वाईट वाटते."

हे दुःख तिचे एकटीचे नाही. सांधे धरलेल्या सासूबाई, सिझेरियन झालेली सून, कंबरदुखीने बेजार झालेली मावशी, प्रत्येक घरात कुणी ना कुणी असतेच. वर्षानुवर्षे परातभर कणीक ज्या हातांनी तिंबली, तेच हात एक दिवस थकतात. म्हणून या महिन्यात असा पाव सांगते, ज्याला मळावे लागत नाही. लाकडी चमच्याने कालवायचे आणि वाट पाहायची. ज्यांच्या हाताला चमचाही जड वाटतो, त्यांनी कालवण्याचे काम मुलाला किंवा नवऱ्याला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

न मळता पाव होतो कसा?

पोळीची कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की ती आपोआप मऊ आणि लवचीक होते, हे आपण रोज पाहतो. कणीक मुरली, असे आपण म्हणतो. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिने असतात. त्यांना पाणी मिळाले की ती एकमेकांना धरू लागतात आणि त्यांचे रबरासारखे जाळे तयार होते. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. यीस्टमधून निघणारा वायू या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. मळल्याने हे जाळे लवकर तयार होते, एवढेच. पीठ सैल ठेवले आणि त्याला काही तास दिले, तर ते काम पाणी आणि वेळ मिळून करतात. आत वाढणारे बुडबुडेही पीठ ताणत राहतात.

न्यूयॉर्कमधील जिम लेही या बेकरची अशीच पद्धत 2006 साली तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभरच्या घरांत पोहोचली. सैल पीठ, चिमूटभर यीस्ट, बारा ते अठरा तासांची विश्रांती आणि झाकणाच्या जड भांड्यात भाजणे, अशी ती पद्धत. आपल्याकडच्या उष्ण हवेत इतके तास ठेवले तर पीठ आंबून जाईल. म्हणून पुढे वेळ कमी केली आहे.

बटाटा कशासाठी?

उकडलेल्या बटाट्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पाव मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. दात नसलेल्या आजी-आजोबांना तो दुधात न बुडवताही खाता येतो. शिवाय बटाट्यामुळे यीस्टला खाद्य मिळते आणि पीठ लवकर फुगते.

बटाट्याच्या पावाचा इतिहास टंचाईशी जोडलेला आहे. अठराव्या शतकात पार्मांतिए हा फ्रेंच औषधतज्ज्ञ प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन राहिला. त्या काळी फ्रान्समध्ये बटाटा जनावरांचे खाद्य समजला जाई. सुटून आल्यावर त्याने बटाट्याचा प्रचार केला आणि त्यापासून पाव करण्याची रीतही लिहिली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत धान्य कमी पडले, तेव्हा तिथेही पावात बटाटा मिसळला गेला. आपल्या भाषेतले 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. तेव्हा बटाट्याचा पाव आपल्याला तसा परका नाही.

साहित्य

मैदा 3 सपाट कप (375 ग्रॅम), उकडून सोललेला बटाटा 200 ग्रॅम (मध्यम आकाराचे दोन), कोमट पाणी 200 मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा, मीठ सव्वा छोटा चमचा, साखर 1 छोटा चमचा, तेल 2 मोठे चमचे, व्हिनेगर (सिरका) 1 छोटा चमचा. कप 240 मिलिलिटरचा धरला आहे. मैद्याऐवजी एक कप गव्हाचे पीठ घेतले तरी चालते. मात्र त्या वेळी दोन-तीन मोठे चमचे पाणी जास्त लागेल आणि पाव थोडा कमी फुगेल.

कृती

बटाटे सालासकट उकडा, म्हणजे ते पाणी कमी शोषतात. गरम असतानाच सोलून किसा किंवा चाळणीवर दाबून गाळा. मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याचा डिंकासारखा चिकट गोळा होतो. जुने बटाटे चांगले, नवे बटाटे चिकट निघतात. किसलेला बटाटा ताटात पसरून कोमट होऊ द्या. ही पायरी गाळू नका. कढत बटाट्यात यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही.

मोठ्या पातेल्यात मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ एकत्र करा. त्यात बटाटा घालून बोटांनी मोकळे चोळा. आता पाणी, तेल आणि व्हिनेगर घालून लाकडी चमच्याने कालवा. कोरडे पीठ कुठे दिसेनासे झाले की थांबा. हे मिश्रण पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल असते, भज्यांच्या पिठापेक्षा मात्र घट्ट. हाताला चिकटते म्हणून वरून मैदा घालण्याचा मोह होईल, तो टाळा. उलट फारच घट्ट वाटले तर एक-दोन चमचे पाणी आणखी घाला. बटाटा किती ओला आहे यावर ते अवलंबून असते.

झाकून ठेवा. अर्ध्या तासाने हात ओला करून पिठाची एक कड वर उचला, ताणा आणि मध्यावर दुमडा. पातेले फिरवत चारही बाजूंनी असेच करा. जोर लावायचा नाही. दर अर्ध्या तासाने असे एकूण तीनदा करा. तिसऱ्या वेळेपर्यंत पीठ गुळगुळीत झालेले दिसेल. यानंतर ते दुप्पट होईपर्यंत तसेच झाकून ठेवा. आपल्या हवेत कालवल्यापासून साधारण तीन तास लागतात. थंडीत जास्त लागतील, मे महिन्यात कमी. घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष द्या.

नऊ इंच लांबीच्या साच्याला आतून तेल लावा. ओल्या हाताने पीठ त्यात काढा आणि वरून सारखे करा. पाऊण ते एक तासात ते साच्याच्या काठाशी येईल. ओव्हन 200 अंशांवर आधी तापवून घ्या आणि 40 मिनिटे भाजा. वरचा रंग गडद बदामी व्हायला हवा. साच्यातून काढून तळाला बोटाने टकटक केले की पोकळ आवाज आला पाहिजे. आवाज जड वाटला तर साच्याशिवाय आणखी पाच मिनिटे भाजा.

आता सर्वांत कठीण काम : एक तास सुरी लावू नका. गरम पावातला स्टार्च अजून बसलेला नसतो. घाईने कापला तर आतून कच्चा आणि चिकट वाटतो, आणि दोष भाजण्याला दिला जातो.

ओव्हन नसेल तर

जुन्या जाड पातेल्यात मीठ किंवा वाळूचा थर घाला, वर स्टँड ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. त्यात साचा ठेवून मंद-मध्यम आचेवर सुमारे 50 मिनिटे भाजा. पाण्याशिवाय असे भाजण्यासाठी रोजचा प्रेशर कुकर वापरू नका. पाव वरून फिका राहील. तो उलटा करून तूप लावलेल्या तव्यावर दोन मिनिटे ठेवला की रंग येतो.

याहून सोपे म्हणजे तव्यावरचे पाव. फुगलेल्या पिठाचे आठ भाग करा, कोरडा मैदा लावून बोटभर जाड थापा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग मंद आचेवर झाकण ठेवून प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे भाजा. खिमा, पाया किंवा मसूरच्या आमटीबरोबर हे गरमागरम छान लागतात.

वेळ कशी बसवायची?

दुपारी बाराला पीठ कालवले तर संध्याकाळी सहापर्यंत पाव कापण्याजोगा होतो. रमजानमध्ये इफ्तारीसाठी ही वेळ सोयीची आहे, कारण या सहा तासांत तुमचे हात जेमतेम अर्धा तास गुंततात. सकाळी भाजायचा असेल तर थंडीच्या दिवसांत यीस्ट पाव चमचा घ्या आणि पीठ रात्रभर ओट्यावर ठेवा. उन्हाळ्यात कालवून, तीनदा दुमडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी साच्यात घाला. थंड पिठाला काठाशी यायला दीड-दोन तास लागतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणारा भाग स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा थेट तव्यावर गरम करा. दमट पावसाळ्यात बटाट्याचा पाव कधीकधी आतून बिघडतो. मातीतून आलेल्या काही जंतूंची बीजे भाजूनही टिकून राहतात आणि उष्ण, दमट हवेत वाढतात. अशा पावाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो, मध्यभाग चिकट होतो आणि तोडला तर तार सुटते. असा पाव भाजून खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, टाकून द्या. व्हिनेगर त्यासाठीच घातले आहे. पाव आंबट होत नाही, पण या जंतूंना आळा बसतो.

दुसरी, घरचा आहे म्हणून मधुमेहाच्या रुग्णांनी मनसोक्त खावा असा हा पदार्थ नाही. मैदा आणि बटाटा दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. त्यांना एखादा पातळ काप, तोही अंडे, डाळ किंवा भाजीबरोबर द्या.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एक सांगावेसे वाटते. हातचे म्हणजे केवळ तिंबलेले नव्हे. कोणते पीठ घ्यायचे, ते कधी फुगले, पाव कधी उतरवायचा, हे ओळखणारी नजर तुझीच आहे. मुलाला शेजारी उभे करून त्याच्याकडून कालवून घे. पाव तुझ्या हातचाच होईल, आणि मुलगाही काहीतरी शिकेल.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह, शिळ्या पावाच्या कापांचे गोड आणि तिखट प्रकार. तोवर हा पाव करून पाहा. फुगला का, किती वेळ लागला, तुमच्या गावी हवा कशी होती, ते जरूर लिहा.