गिरणीची शेड ऑफिसला, मग कामगाराचा वाटा कुठं गेला?

मुंबईत लोअर परळला सकाळी लोकलमधून उतरणारी गर्दी आजही गिरणीच्या आवारात शिरते. पण आता भोंगा वाजत नाही आणि गळ्यात ऑफिसचं कार्ड असतं. कमला मिल, मथुरादास मिल यांच्या आवारात आज कंपन्यांची ऑफिसं थाटली आहेत. याच गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली हजारो माणसं राबली आणि तिथूनच गावाकडं मनीऑर्डरी आल्या. त्यामुळे हा विषय आपल्या गावातल्या कितीतरी घरांचा आहे.

जुनी शेड ऑफिसला का चालते?

गिरणीच्या शेडची उंची भरपूर, भिंती जाड, मधे लोखंडी खांब आणि आत मोकळी जागा. साचेखात्याचं छप्पर अनेक ठिकाणी करवतीच्या दात्यांसारखं असायचं. सूत नीट दिसावं, पण ऊन थेट आत येऊ नये, म्हणून काचा उत्तरेकडं. तोच उजेड आता कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना सोयीचा पडतो. शिवाय इमारत पाडली नाही तर इतिहासही टिकतो. एवढ्यापुरतं बघितलं तर यात वाईट काहीच नाही.

खरी मेख नियमात

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, असं त्यात ठरलं: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला.

पण त्याच नियमात एक वाट मोकळी होती. उभ्या असलेल्या बांधकामाचा व्यापारी वापर करायला परवानगी होती आणि त्यासाठी वाटणी लागू नव्हती. म्हणजे शेड पाडली तर जमीन वाटायची, शेड ठेवून आत ऑफिस काढलं तर नाही! २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागाही त्यातून सुटली. वाद सुप्रीम कोर्टात गेला. मार्च २००६ मध्ये कोर्टाने तो बदल कायम ठेवला.

घरांचं काय झालं?

म्हाडाच्या वाट्याला जमीन कमी आली, तशी घरंही कमी झाली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ आणि २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरं निघाली. अर्ज मात्र दीड लाखाच्या वर आहेत. उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरं देण्याची योजना सरकारने पुढं आणली. "आमची गिरणी मुंबईत, घर पण मुंबईतच पाहिजे," म्हणत ९ जुलै २०२५ ला कामगार आणि वारस आझाद मैदानात उतरले. कितीतरी कामगार तर वाट बघतच गेले.

घरात कुणी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर गिरणीत कामाला असेल, तर जुनी ट्रंक उघडून बघायला हवी. तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, फंडाचा किंवा ईएसआयचा नंबर, असा प्रत्येक कागद वारसाच्या कामाचा आहे.

गावानं काय शिकायचं?

आता तालुक्या-तालुक्यातल्या बंद सूतगिरण्या आणि साखर कारखान्यांच्या जागांवर डोळे आहेत. तिथं ऑफिस येवो की गोडाऊन, रोजगार आला तर चांगलंच. पण थकलेली देणी आणि जमिनीतला वाटा आधी कागदावर आला पाहिजे, तोही पळवाट न ठेवता. मुंबईत वाटा कागदावर होता, तरी पळवाटेतून निसटला.